आजीच्या मापाचा ओटा

बाबा, काल आपल्या स्वयंपाकघरातला ओटा मी फोडायला लावला. तोच, काळ्या ग्रॅनाइटचा, जो तुम्ही गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून करून घेतला होता. आज घरभर पांढरी धूळ आहे, शेगडी बाल्कनीत पडली आहे आणि आई डायनिंग टेबलावर इंडक्शन ठेवून खिचडी करते आहे. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न विचारला असतात, की काय अडलं होतं? चांगला मजबूत ओटा होता. हो, मजबूत होता ना, तीच तर तक्रार आहे. मला तुमचा इतका राग आलाय की तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली हेही मध्येच विसरायला होतं. वाटतं, संध्याकाळी कंपनीची बस गेटापाशी थांबेल, तुम्ही उतराल आणि बूट काढायच्या आधीच मी तुम्हाला धारेवर धरीन.

आपण फरीदाबादच्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून गुडगावला आलो तेव्हा सोसायटीच्या भिंतीपलीकडे मोहरीचं शेत होतं आणि रस्ता म्हणावा असा रस्ताही नव्हता. तुम्हाला मानेसरच्या नव्या जपानी कारखान्यात नोकरी लागली होती आणि तुम्ही हवेत होतात. सोसायटीने फ्लॅटचे नुसते सांगाडे बांधून दिले, आतलं काम ज्याचं त्याने करून घ्यायचं. शेजारीपाजारी टाइल्सच्या रंगावरून नवराबायकोची भांडणं चालली होती. तुम्ही मात्र सांगलीला फोन लावलात. आजी ठेंगणी, सांगलीच्या घरातला ओटा तिला उंच पडायचा, जन्मभर ती पाटावर उभी राहून स्वयंपाक करत आली होती. माझ्या घरी माझ्या आईला पाटावर चढावं लागणार नाही, असं तुम्ही ठरवलंत. चांगलं ठरवलंत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आजीने कोपरापर्यंतची उंची सुतळीने मोजून गाठ मारली, आत्याने ती सुतळी पर्समध्ये घालून दिल्लीला आणली आणि कंपनीत शिकलेल्या हिशेबाने कोपराच्या जरा खाली तुम्ही भिंतीवर खूण केलीत. मला तो दिवस दिसतो आहे. तुम्ही गुडघ्यावर बसला आहात, सुतळीचं एक टोक तुमच्या हातात आहे. आणि त्या ओट्याशी रोज उभी राहणार होती ती बाई, आई, सुतळीचं दुसरं टोक धरून उभी आहे.

आई उंच. तुमच्या घरात तिला लग्नापासून सगळे खांब म्हणायचे आणि ती हसायची. आजी एक हिवाळा येऊन राहिली. थंडीने काकडली, तिसऱ्या मजल्यावर तिच्याशी मराठीत बोलायला कोणी नव्हतं आणि भाजीवाला माताजी म्हणायचा त्याचाही तिला राग यायचा. होळीच्या आत परत गेली ती पुन्हा आली नाही. तुमच्यानंतरही बरीच वर्षं जगली, सांगलीत, आपल्या त्याच पाटावर उभी राहून. तिचा काहीच दोष नाही, तिने कुठे मागितला होता ओटा? पण ती परत गेली आणि ओटा राहिला, आणि आई त्याच्यावर वाकून सकाळचे डबे, दुपारचं, रात्रीचं, तुमच्या कंपनीतल्या लोकांची जेवणं, गणपतीचे मोदक, सगळं करत राहिली. वर्ष-दोन वर्षांत तिची मान धरायला लागली. आधी सकाळी, मग दिवसभर, मग मानेतून खांद्यात आणि खांद्यातून डोक्यात.

तुम्ही काही केलं नाहीत असं मी म्हणणार नाही. खूप केलंत, तेच तर डोक्यात जातं. कॉलर आणलीत. हॉस्पिटलात नेऊन हनुवटीला पट्टा बांधून वजनं लटकवायला लावलीत. कोणीतरी सांगितलं म्हणून जुन्या दिल्लीतल्या एका पैलवानाकडे नेलंत. त्याने बोलता बोलता तिचं डोकं धरून एकदम कडकन फिरवलं आणि आई कितीतरी दिवस भिंत धरून चालत होती. जपानला गेलात तेव्हा धान्याच्या टरफलांनी भरलेली उशी आणलीत, कूस बदलली की कानाशी कुरकुरणारी. आई त्या उशीवर झोपली, कारण तुम्ही एवढ्या लांबून आणली होती. आणि फ्रिजवर कंपनीतला मानेच्या व्यायामांचा तक्ता लावलात. आई दूध काढायला फ्रिज उघडायची तेव्हा तुम्ही पेपरामागून विचारायचात, आज केलेस का? नसले केले तर एक लांब निःश्वास. म्हणजे मान तिची दुखायची आणि अभ्यास न केलेल्या मुलीसारखं तोंडही तिनेच करायचं.

ती काला अंबची सहल आठवते तुम्हाला? संक्रांतीच्या सुमारास इथल्या मराठी मंडळाची बस पानिपतच्या युद्धस्मारकाला जायची, दरवर्षीसारखी. आईने आदल्या दिवशी आख्ख्या बसला पुरतील एवढ्या गुळपोळ्या केल्या होत्या, त्या ओट्यावर, एकटीने. तिकडे स्मारकापाशी सगळ्यांनी माना खाली घालून शांतता पाळली आणि नंतर आईला मान वर करता येईना. परतीच्या बसमध्ये ती डोकं हाताने धरून बसली होती. कोणा काकूंनी विचारलं, काय होतंय? तिने उत्तर द्यायच्या आत तुम्ही मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "आमच्याकडे वाकून राहायची सवयच आहे. शंभरदा सांगितलं, पाठ ताठ ठेव." लोक हसले. तोंडात तिच्याच गुळपोळ्या होत्या त्यांच्या. आईही हसली. मी शाळेत होते, मला काही कळलं नाही. आज कळतंय आणि अंगाची लाही लाही होते आहे.

आणि हे सगळं कोण बोलत होतं? तुम्ही! ज्या माणसाचं कामच मुळी टेबलांची उंची ठरवणं होतं तो माणूस. कारखान्यात घरच्यांना बोलवायचा एक दिवस असायचा. तुम्ही आम्हाला तुमची लाइन दाखवायला नेलंत. आई ठेवणीतली साडी नेसली होती. तुम्ही एका टेबलाचं हँडल फिरवून ते वर नेऊन दाखवलंत, परत खाली आणलंत, आणि सांगितलंत की या टेबलाशी दोन पाळ्यांत दोन वेगळी माणसं उभी राहतात, एक रोहतकचा उंच गडी, एक बिहारचा बुटका, दोघांच्याही माना दुखता कामा नयेत. "काम माणसाच्या उंचीला आणायचं, माणसाला कामाच्या उंचीला आणायचं नाही." तुमचा चेहरा किती खुलला होता. मी वर्गात सगळ्यांना ते वाक्य सांगितलं होतं, इतका मला तुमचा अभिमान वाटला होता. आई शेजारी उभी राहून हो हो करत होती. घरी येऊन ती साडी बदलून ओट्याशी वाकली आणि तुम्ही टीव्ही लावलात. कमाल आहे बाबा तुमची, खरंच कमाल आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मला वाटलं होतं, आता आई ओट्याचं काहीतरी करेल. पण तेव्हा तर तो देव्हाऱ्यासारखा झाला, त्याला हात लावायची सोय राहिली नाही. मी नोएडाला राहत होते, येऊन जाऊन असायचे. मला तो ओटा कधी टोचला नाही, मी उंचीने आजीवर गेले आहे, मला तो बरोबर बसतो. मागच्या वर्षी आईच्या हातातून आमटीचं पातेलं निसटलं. थोडक्यात वाचली, पाय भाजला नाही. म्हणाली, करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, कधीपासून ते आठवत नाही. मी सामान उचललं आणि परत या घरात राहायला आले. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला, मानेत शीर थोडी दबते आहे, ऑपरेशन आत्ता नको म्हणाले, पण असंच चालू राहिलं तर हाताचं सांगता येत नाही. आईचा उजवा हात. ती अजून रोज कुंड्यांत रोपं लावते, भरतकाम करते. तो हात गेला तर तिच्याकडे काय राहील याचा मला विचार करवेना.

माझी स्वतःची मान ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसून आखडलेली असते, त्यासाठी मी एका ऑस्टिओपॅथकडे जात होते. गोळ्या देत नाही, हातांनी सांधे आणि स्नायू मोकळे करते. आईला सांगितल्यावर तिने आधी विचारलं, हाडवैद्य का? पैलवानाची धास्ती होती. पण या बाईने पहिला अर्धा वेळ मानेला हातच लावला नाही. रिपोर्ट बघितले, चक्कर येते का, चालताना तोल जातो का, हाडं ठिसूळ आहेत का, सगळं विचारलं. पैलवानाचं ऐकून तिचा चेहराच उतरला, म्हणाली या वयात मान कडकन फिरवायची नाही, आणि हाताची पकड कमी झाली किंवा पाय लटपटले तर माझ्याकडे न येता सरळ डॉक्टरांकडे जायचं. मग आईला टेबलावर निजवून कवटीखाली बोटं ठेवून नुसती बसून राहिली. बरगड्या, खांदे, पाठीचा वरचा भाग हळूहळू हलवून बघितला. डोक्याने माझ्या हातावर जरासा दाब द्या, आता सोडा, असं करून घेतलं. आई म्हणाली, काही करत नाही गं, नुसती धरून बसते. पण ऑटोतून घरी येताना तिने मान वळवून मेट्रोचे खांब बघितले आणि मला म्हणाली, बघ, वळते.

वळायची, पण चार-दोन दिवसच. मग पुन्हा तेच, पुन्हा दगड. असं काही वेळा झाल्यावर त्या बाईने विचारलं, तुम्ही घरी पोळ्या कशा लाटता ते दाखवता का? तिचं टेबल खालीवर होणारं होतं. आई टेबलाशी उभी राहिली आणि त्या बाईने ते खाली आणायला सुरुवात केली. इतकं? अजून खाली, आई म्हणाली. इतकं? अजून. टेबल आईच्या मांड्यांपर्यंत आलं तेव्हा आई म्हणाली, "हं, बिल्कुल एवढाच," आणि सवयीने वाकून लाटायला लागली. बाबा, मी समोरच्या खुर्चीवर बसले होते. ती किती वाकते हे मी जन्मभर बघितलंय, पण स्वयंपाकघराच्या बाहेर, उजेडात, साडीचा पदर खोचून एका परक्या खोलीत तिला तसं वाकलेलं पहिल्यांदाच बघत होते. त्या बाईने शांतपणे सांगितलं की हे रोज चालू असेल तर माझे हात पुरे पडणार नाहीत. तोवर पोळ्या बसून लाटा, मध्ये मध्ये थांबा, शेक घ्या. पण ओटा बदला.

आईचं उत्तर एकच, बघू. मी दिवाळीआधी विचारलं, बघू. दिवाळीनंतर विचारलं, बघू. एकदा चिडून विचारलं की काय बघायचंय त्यात, तर म्हणाली, ह्यांनी किती हौसेने केलाय गं. झालं! मला वाटलं, हे असंच चालायचं. हौस तुमची, दगड तुमचा, आणि हात जायचा आईचा. काल तिची ऑस्टिओपॅथकडे जायची वेळ होती. खालच्या मजल्यावरच्या बंगाली काकूंबरोबर तिला पाठवलं, सुट्टी टाकली आणि गवंड्याला वर बोलावलं. तो जरा घुटमळला, पत्थर बढ़िया है मैडम, पक्का तोड़ दें? मी म्हटलं, तोड़ दो. पहिला घाव पडला तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आई परत आली तेव्हा अर्धा दगड जमिनीवर होता. ती दारात थांबली. मला वाटलं रडेल, किंवा हसेल, किंवा म्हणेल चलो, एकदाचं झालं. तिने पर्स खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "मला विचारायचं तरी होतंस." मी म्हटलं, किती वेळा विचारलं, तू बघू म्हणायचीस. "मी ठरवत होते. तेवढं तरी मला करू द्यायचंस." मग तिने तुमचं नाव काढलं. "त्यांनी बांधताना विचारलं नाही. तू फोडताना विचारलं नाहीस. इथे उभी मी राहते." आवाज चढवला नाही. गवंडी हातोडा धरून तसाच उभा होता, त्याला मराठी कळत नव्हतं पण तोही खाली बघायला लागला.

आणि मग तिने सांगितलं, बाबा. आपण राहायला आलो त्याच आठवड्यात तिने तुम्हाला सांगितलं होतं की हा मला फार खाली पडतो, माझी पाठ भरून येते. तुम्ही म्हणालात, आईला काय वाटेल, थोडे दिवस कळ काढ. आजी सांगलीला परत गेल्यावर तिने पुन्हा सांगितलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, एवढा दगड आता कुठे फोडायचा, होईल सवय. त्यानंतर ती बोलली नाही. मी इतकी वर्षं तुम्हाला एका गोष्टीवर सोडून देत आले होते, की तुमच्या लक्षात आलं नसेल. कारखान्यातलं दिसतं, घरातलं दिसत नाही, पुरुष असतात असे. ती सवलत आता संपली. तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही फ्रिजवर तक्ता लावलात. माहीत असून बसमध्ये लोकांना हसवलंत. सुतळीने मापं घेणाऱ्या माणसाला तिची उंची दिसत नव्हती थोडीच? तुमच्या आईला वाईट वाटू नये यासाठी तुम्ही माझ्या आईची मान वापरलीत. हे मी तुमच्या तोंडावर म्हटलं असतं, आवाज चढवून म्हटलं असतं, शेजाऱ्यांना ऐकू गेलं असतं तरी चाललं असतं.

गवंड्याने विचारलं, नवीन ओट्याची हाइट किती ठेवायची? मी सांगायला तोंड उघडलं, ऑस्टिओपॅथने दिलेलं माप माझ्याकडे होतं. आई म्हणाली, तू बाहेर बस. मग तिने विटा रचायला लावल्या, वर फळी ठेवायला लावली, पोळपाट मागितला. चपला काढून उभी राहिली आणि रिकाम्या पोळपाटावर लाटणं फिरवलं. एक ईंट और. पुन्हा लाटलं. नहीं, थोड़ा नीचे. मग विळी ठेवून बघितली, मग पातेलं. एका टोकाला स्टूल घालून बसता येईल अशी मोकळी जागा सोडायला सांगितली, ते मला सुचलंच नव्हतं. गवंडी वैतागला, माताजी हो गया? तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी हॉलमध्ये बसून विटांचा आवाज ऐकत होते. उंची तिने ठरवली, ती त्या मापापेक्षा किंचित वेगळी निघाली, आणि तीच राहणार आहे. मान पूर्ण बरी होईल असं कोणी सांगितलेलं नाही. मुंग्या अजून येतात. पण काल संध्याकाळी ती त्या फळीशी उभी होती तेव्हा मला हॉलमधून तिची मान दिसली, नुसती सरळ, आणि मला ती ओळखीची वाटली नाही.

आत्ता ती खिचडी झाली का बघून इकडे आली आणि विचारलं, एवढं कोणाला लिहितेस? म्हटलं, बाबांना. तिला आश्चर्य वाटलं नाही. काय लिहितेस? ओट्याचं, मी म्हटलं. ती माझ्या टेबलाला टेकली आणि म्हणाली, "माझ्या वतीने त्यांना काही लिहू नकोस. मला जे म्हणायचंय ते माझं मी म्हणेन." आणि पानं घ्यायला निघून गेली. तेव्हा हे कुठे पाठवायचं तर नाहीच, पण आता फाडावंसं वाटतं आणि फाडवतही नाही. एवढं सगळं तावातावाने लिहिलं, बाबा, आणि यातलं एक अक्षरही मी तिला विचारून लिहिलेलं नाही.